समान गुणांची फौज समान असते का?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही वरणगावला घरी होतो. शेजारच्या अंगणात मुलांनी विटा, पोती आणि चिखल यांचा किल्ला केला होता, त्यावर अळीव पेरले होते आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे बुरुजांवर उभे केले होते. इथवर सारे नेहमीचेच. या वेळी मात्र किल्ला नुसता पाहण्यासाठी नव्हता. पुण्याला अभियांत्रिकी शिकणाऱ्या आमच्या भाच्याने ‘टेबलावरच्या लढाई’चे नियम आणले होते आणि मुलांना समजतील असे सोपे करून तो ते शिकवत होता.

नियम असे होते. प्रत्येक खेळाडूला १०० गुण मिळणार. तेवढ्या गुणांत आपापली फौज ‘विकत’ घ्यायची. साधा शिपाई ५ गुणांना, कसलेला शिपाई १० गुणांना. साध्या शिपायाच्या फाशावर ५ किंवा ६ पडले तर शत्रूला एक घाव बसतो. कसलेल्याला ४, ५, ६ यांपैकी काहीही चालते. शिवाय साधा शिपाई एका घावात पडतो, तर कसलेला दोन घाव बसल्याखेरीज पडत नाही. भाच्याने दहा कसलेले शिपाई घेतले. शेजारच्या आठवीतल्या मुलीने वीस साधे घेतले. गुण दोघांचेही शंभर.

अंगणात, मोकळ्या जागेवर लढाई झाली आणि मुलगी जिंकली. भाच्याने फाशांना दोष दिला. पुन्हा खेळले, पुन्हा तीच जिंकली. मग लढाई किल्ल्याच्या अरुंद वाटेवर नेली. तिथे दोन्हीकडून एका वेळी एकेकच शिपाई पुढे येऊ शकत होता. आता भाचा जिंकला. मुलीने विचारले, ‘‘गुण तर सारखेच होते. मग जागा बदलली की निकाल का बदलतो?’’

एवढ्यात तिचे वडील पाळी संपवून आले. ते इथल्या आयुध निर्माणीत काम करतात. थोडा वेळ उभे राहून त्यांनी खेळ पाहिला आणि सहज विचारले, ‘‘यांच्याजवळ गोळ्या किती दिल्यात?’’ कोणाकडेच उत्तर नव्हते, कारण नियमांत गोळ्यांचा उल्लेखच नव्हता.

मुलीचा प्रश्न गणिताचा आहे आणि तिच्या वडिलांचा प्रश्न गणिताच्या आधीचा आहे. या दोन प्रश्नांच्या आधारे आम्हांला या प्रकारच्या नियमांचे परीक्षण करायचे आहे. विषय खेळाचा असला तरी गुण देणे, त्यांची बेरीज करणे आणि त्या बेरजेवरून तुलना करणे हे आपण शिक्षक मंडळी रोजच करतो. त्यामुळे हे परीक्षण आपल्याला अगदीच परके वाटू नये.

नियम आले कुठून?

नकाशावर किंवा टेबलावर लढाई मांडून पाहण्याचा प्रकार युरोपात एकोणिसाव्या शतकात रुजला. प्रशियाच्या सैन्यातील राइस्विट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये अशा खेळाचे नियम छापले. हेतू करमणुकीचा नव्हता, अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा होता. कोणाकडे किती सैन्य आहे हे दिलेल्या प्रसंगावरून ठरे. दोन्ही बाजू समान असल्या पाहिजेत असा आग्रह तिथे नव्हता, कारण प्रत्यक्ष युद्धात त्या तशा नसतात.

पुढे विज्ञानकथांसाठी प्रसिद्ध असलेल्या एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले आणि खेळण्यातले सैनिक घेऊन घरात खेळायचे नियम दिले. त्यातला एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. तोफेजवळ आपल्या बाजूची निदान चार माणसे नसतील तर ती डागता येत नाही. हा नियम आपल्याला पुढे उपयोगी पडेल.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा छंद वाढला. एकमेकांना न ओळखणारे खेळाडू स्पर्धांत भेटू लागले. प्रत्येक जण आपली फौज घरून आणणार. मग लढाई न्याय्य कशी ठरवायची? त्यासाठी प्रत्येक सैनिकाला, घोडेस्वाराला, तोफेला किंमत लावण्यात आली आणि दोघांनी सारख्याच किमतीची फौज आणावी असे ठरले. ब्रिटनमध्ये १९८७ साली सुरू झालेला ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा काल्पनिक भविष्यकाळातील लढायांचा खेळ आज या पद्धतीचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. त्यात नेहमीच्या लढाईसाठी दोन-दोन हजार गुणांच्या फौजा असतात. फौजेची यादी तयार करणे हाच अनेकांना निम्मा खेळ वाटतो.

आधी चांगले काय ते

परीक्षण करताना आधी गुण सांगावेत. यादी करण्याचे हे काम गणिताच्या शिक्षणासाठी फार चांगले आहे. समजा पाईक ५ गुणांना, स्वार १५ गुणांना आणि तोफ २५ गुणांना आहे, आणि बरोबर १०० गुण खर्च करायचे आहेत. किती वेगवेगळ्या फौजा होतील? सर्व किमतींना ५ ने भागले की प्रश्न सोपा होतो: १, ३ आणि ५ यांपासून २० करायचे. तोफ एकही नसेल तर स्वार ० ते ६, म्हणजे ७ प्रकार. एक तोफ घेतली तर स्वार ० ते ५, म्हणजे ६ प्रकार. दोन तोफांना ४, तीन तोफांना २ आणि चार तोफांना १. उरलेल्या गुणांचे पाईक घ्यायचे. एकूण २० फौजा.

आता अट घाला की पाईक निदान ५ हवेत आणि तोफा २ पेक्षा जास्त नकोत. पुन्हा मोजले तर २० पैकी १२ फौजा उरतात. सातवी-आठवीची मुले हे हाताने मोजू शकतात. थैलीत मावेल तेवढाच माल भरायचा, पण जास्तीत जास्त मोलाचा भरायचा, हे गणितातले एक नावाजलेले कोडे आहे. मालगाडीच्या डब्यापासून कारखान्याच्या वेळापत्रकापर्यंत ते भेटते. तेच कोडे इथे मुलांच्या हाती खेळ म्हणून येते. मर्यादित साधनांत निवड करावी लागणे, एक घेतले की दुसरे सोडावे लागणे, हे शिकवायला याहून सोपे साधन आम्हांला तरी माहीत नाही.

बेरीज कुठे चुकते?

आता मुलीचा प्रश्न. सगळ्या पद्धतीचा पाया एका गृहीतावर आहे: फौजेचे बळ म्हणजे तिच्यातल्या घटकांच्या बळांची बेरीज. हे गृहीत खरे आहे का?

बुद्धिबळाचे उदाहरण घेऊ, कारण ते सर्वांना माहीत असते. शिकवताना आपण सांगतो की प्याद्याची किंमत १, घोड्याची ३, उंटाची ३, हत्तीची ५ आणि वजिराची ९. आता डावाच्या शेवटी समोर एकटा राजा उरला आहे आणि आपल्याकडे राजाखेरीज फक्त एक हत्ती आहे. किंमत ५. बरोबर खेळलो तर मात नक्की होते. त्याऐवजी आपल्याकडे दोन घोडे आहेत असे समजा. किंमत ६, म्हणजे हत्तीपेक्षा जास्त. पण समोरच्याने घोडचूक केली नाही तर दोन घोड्यांनी मात लादता येत नाही. डाव बरोबरीत सुटतो. एक उंट आणि एक घोडा घेतला तर? किंमत पुन्हा ६, पण आता मात करता येते, थोडी कठीण असली तरी. म्हणजे ३ आणि ३ मिळून ६ ही बेरीज कागदावर बरोबर आहे, पटावर नाही. मोहऱ्याचे मोल त्याच्या सोबतीला कोण आहे यावर अवलंबून असते.

वेल्सच्या तोफेचा नियम इथे आठवावा. तोफेचे बळ नुसत्या तोफेत नाही, तिच्याभोवतीच्या चार माणसांत आहे. चार माणसांविना तोफेची किंमत शून्य. तोफेला २५ गुण आणि माणसाला ५ गुण असे वेगवेगळे लिहून ठेवले की हा संबंध यादीतून पुसला जातो.

खिंड आणि मैदान

पण अंगणातल्या लढाईत दोन्हीकडे एकाच प्रकारचे शिपाई होते. तिथे सोबतीचा प्रश्न नव्हता. तरीही निकाल बदलला. त्याचे कारण फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्लिश अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडले आणि १९१६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. लँचेस्टर मोटारी बनवणारे गृहस्थ. विमानांच्या युद्धाचा विचार करता करता त्यांना हा नियम सुचला.

मोकळ्या मैदानात प्रत्येक जण कोणावरही मारा करू शकतो. पहिल्या फेरीत काय होईल ते सरासरीने पाहू. वीस साधे शिपाई फासे टाकतात. ५ किंवा ६ पडण्याची शक्यता एकतृतीयांश, म्हणून सुमारे पावणेसात घाव बसतात. कसलेला दोन घावांत पडतो, म्हणून तीनहून थोडे अधिक कसलेले पडतात. त्याच फेरीत दहा कसल्यांचे पाच घाव बसतात आणि पाच साधे पडतात. आता पंधरा विरुद्ध साडेसहा. दुसऱ्या फेरीनंतर सुमारे बारा विरुद्ध चार. जो मागे पडतो तो अधिकाधिक वेगाने मागे पडतो, कारण त्याची माणसे कमी होतात, तसा त्याचा माराही कमी होतो. लढाई संपते तेव्हा आठ-दहा साधे शिपाई शिल्लक असतात.

लँचेस्टर यांनी दाखवले की अशा लढाईत बाजूचे बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आपल्या खेळात कसलेला शिपाई दीडपट मारतो आणि दुप्पट टिकतो, म्हणून तो एकेकटा साध्याच्या तिप्पट. मग कसल्यांचे बळ ३ गुणिले १० चा वर्ग, म्हणजे ३००. साध्यांचे बळ १ गुणिले २० चा वर्ग, म्हणजे ४००. साधे जिंकतात.

अरुंद वाटेवर मात्र एकास एक अशी झुंज असते. मागचे एकोणीस जण नुसते वाट पाहत उभे. तिथे संख्येचा वर्ग होत नाही. कसल्यांचे बळ ३ गुणिले १०, म्हणजे ३०, साध्यांचे २०. एक कसलेला पडेपर्यंत सरासरीने तीन साधे पाडतो. वीस साधे संपतात तेव्हा तीन कसलेले उभे असतात.

मग कसल्या शिपायाची न्याय्य किंमत किती? मैदानात ५ गुणिले ३ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे पावणेनऊ. खिंडीत ५ गुणिले ३, म्हणजे १५. भाच्याने धरलेली १० ही किंमत दोहोंच्या मध्ये पडते, म्हणून ती मैदानात जास्त ठरते आणि खिंडीत कमी. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. किंमत शिपायाच्या अंगी नसते. शिपाई आणि जागा यांच्या संबंधात असते. जुलै १६६० मध्ये बाजीप्रभू देशपांडे घोडखिंडीत उभे राहिले ते हे जाणूनच. थोड्या माणसांचे मोल जिथे सर्वांत जास्त, ती जागा त्यांनी धरली. तीच माणसे उघड्या माळावर उभी केली असती तर यादीतल्या गुणांनी त्यांना काही मदत केली नसती.

तेव्हा आमचा पहिला आक्षेप असा: सर्व ठिकाणी चालेल असे एकच दरपत्रक करता येत नाही. दर चुकले म्हणून नव्हे. बरोबर असा एकच दर नसतोच म्हणून.

किमान, कमाल आणि प्रमाण

नियम करणारेही हे जाणतात. त्यांनी दोन उपाय केले. एक म्हणजे दर बदलत राहणे. ‘वॉरहॅमर’चे दर वरचेवर नव्याने जाहीर होतात, जी तुकडी फार जिंकू लागते ती महाग केली जाते. दुसरा उपाय म्हणजे अटी. याच खेळाच्या १९९८ च्या तिसऱ्या आवृत्तीत नेहमीच्या लढाईला निदान एक सेनानी आणि साध्या सैनिकांच्या निदान दोन तुकड्या सक्तीच्या होत्या, आणि खास प्रकारच्या तुकड्या प्रत्येक प्रकारात जास्तीत जास्त तीन. २०२३ च्या दहाव्या आवृत्तीत हा तक्ता नाही, पण एकाच प्रकारच्या तुकड्या किती घ्यायच्या यावर मर्यादा आहेच.

आपल्या परीक्षांतही नेमके हेच असते. एकूण टक्केवारी कितीही असो, प्रत्येक विषयात किमान गुण लागतात. बेरीज पुरेशी असती तर ही अट कशाला लागली असती? अट घालणे ही बेरीज अपुरी असल्याची कबुलीच आहे.

याहून वेगळा, आणि आमच्या मते अधिक समंजस, मार्ग प्रमाणाचा आहे. १९९० मध्ये इंग्लंडमध्येच निघालेल्या ‘डी.बी.ए.’ या प्राचीन युद्धांच्या खेळात किंमत हा प्रकारच नाही. प्रत्येक फौजेच्या तुकड्या बारा. त्या बारांत घोडदळ किती, भालाईत किती, तिरंदाज किती, हे त्या त्या ऐतिहासिक सैन्यानुसार यादीत दिलेले असते आणि मोजक्या ठिकाणीच पर्याय असतो.

आपल्याकडे हा विचार फार जुना आहे. महाभारतात अक्षौहिणीचा हिशेब दिला आहे. सर्वांत लहान घटक म्हणजे पत्ती: एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ. तीन पत्तींचे एक सेनामुख, तीन सेनामुखांचा गुल्म, आणि असेच तिप्पट करत गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. दहा अनीकिनी मिळून अक्षौहिणी. म्हणजे ३ चा सातवा घात २१८७, त्याला १० ने गुणले की २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. एकूण २,१८,७००. एवढे सैन्य खरोखर उभे राहिले का, हा वेगळा प्रश्न. पण या यादीतली कल्पना पाहा. रथाची किंमत किती पाईक, असे तिथे कोणी विचारत नाही. रथाबरोबर पाच पाईक असलेच पाहिजेत, एवढेच सांगितले आहे. सोबत हीच तिथे मापाची एकक आहे. घातांक शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे.

यादीत नसलेली माणसे

आता दुसरा प्रश्न, गोळ्यांचा. इथे आमचा आक्षेप अधिक गंभीर आहे.

वरणगावची आयुध निर्माणी १९६४ मध्ये सुरू झाली. २०२१ पासून ती ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीचा भाग आहे. इथे लहान शस्त्रांची काडतुसे होतात: ७.६२ मिलिमीटर, ५.५६ मिलिमीटर. पितळेची नळी ओढणे, ती ठराविक मापाला आणणे, दारू भरणे, गोळी बसवणे, तपासणे, मोजणे, पेटीत भरणे. पाळीपाळीने शेकडो माणसे हे काम करतात. सैनिक बंदूक उचलतो तेव्हा या साऱ्यांचे श्रम त्याच्या हातात असतात. या गावात वाढलेल्या मुलाला हे सांगावे लागत नाही. पण लोकप्रिय नियमपुस्तकांतल्या बहुतेक फौजांना गोळ्या मोजून मिळत नाहीत. त्या कधी संपत नाहीत. भाकरीही संपत नाही. घोड्याला पाणी लागत नाही आणि त्याचा नाल झिजत नाही.

आपल्या जुन्या कारभाऱ्यांनी असे केले नव्हते. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत शिवाजीमहाराजांच्या घोडदळाची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी. गुणाकार केला तर हजारीकडे १,२५० आणि पंचहजारीकडे ६,२५० स्वार येतात. पण आम्हांला विशेष वाटते ते पुढचे. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला होता. पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा. हे दोघे तलवार चालवत नाहीत, पण यादीत आहेत, तेही ठरलेल्या प्रमाणात. त्यांच्याविना पंचवीस घोडे म्हणजे चार दिवसांनी पंचवीस लंगडी जनावरे, हे यादी करणाऱ्याला माहीत होते.

त्याच सैन्यात बारगीर आणि शिलेदार असा भेद होता. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. मैदानात दोघे शेजारी शेजारी लढतील, पण खजिन्याच्या दृष्टीने दोघांचा खर्च वेगळा आणि हुकमाच्या दृष्टीने दोघांवरची पकड वेगळी. टेबलावरच्या यादीत दोघेही ‘घोडेस्वार, १५ गुण’. खर्च, पकड आणि लढण्याची ताकद या तीन वेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात कोंबल्या की काय हरवते ते इथे दिसते.

यादीबाहेरच्या गोष्टींनी निकाल कसा फिरतो, याचे मराठी माणसाला न विसरता येणारे उदाहरण म्हणजे पानिपत. तिथल्या फौजांची तुलना करताना आपण घोडदळ, गारदी आणि तोफा मोजतो. पण मराठ्यांच्या छावणीत लढणाऱ्यांखेरीज बुणगे, बायका-मुले आणि यात्रेकरू फार मोठ्या संख्येने होते. रसद पोहोचवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. १४ जानेवारी १७६१ ला फौज बाहेर पडली ती उपासमारीला कंटाळून. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा उत्तम होत्या. गुणांच्या यादीत त्या वरच्या क्रमांकाला बसल्या असत्या. पण उपाशी माणूस आणि उपाशी घोडा यांचा रकाना त्या यादीत नसता.

कोणी म्हणेल, हा खेळ आहे, युद्ध नव्हे. खेळात पाणक्या कशाला? म्हणणे योग्य आहे. प्रत्येक प्रतिकृतीत काहीतरी गाळावेच लागते. न गाळता केलेली प्रतिकृती म्हणजे मूळ वस्तूच. आम्ही प्रयोगशाळेत दुसरे काय करतो? घर्षण नाही असे समजा, हवेचा विरोध नाही असे समजा. पण काय गाळले ते आम्ही आधी सांगतो आणि गाळल्याने किती चूक होईल याचा अंदाज देतो. ‘डी.बी.ए.’च्या नंतरच्या आवृत्त्यांत फौजेचा तळ मांडावा लागतो आणि तो शत्रूच्या हाती पडला तर नुकसान मोजले जाते. म्हणजे साध्या खेळातही हे शक्य आहे. जिथे ते केलेले नाही, तिथे निदान तसे सांगितले पाहिजे. नाहीतर खेळता खेळता मुलाच्या मनात पक्के बसते की युद्ध म्हणजे शूर शिपाई विकत घेणे आणि ते पुढे सरकवणे. त्या शिपायामागे राबणारी माणसे, ज्यांत त्याचे स्वतःचे वडीलही असतात, बिनगुणांची ठरतात. आमचा मुख्य आक्षेप हा आहे.

वर्गात करून पाहा

तरीही हे नियम वर्गाबाहेर ठेवावेत असे आम्ही म्हणणार नाही. उलट ते आणावेत, पण तयार पुस्तक म्हणून नव्हे, मुलांनी दुरुस्त करायचा कच्चा मसुदा म्हणून. साहित्य थोडेच लागते: लुडोचे फासे आणि चिंचोके किंवा बटणे.

पहिल्या तासाला वर दिलेली वीस साध्यांची आणि दहा कसल्यांची लढाई खेळवावी. निम्म्या गटांनी मोकळ्या जागेवर, निम्म्यांनी अरुंद वाटेवर. प्रत्येक फेरीनंतर उरलेली संख्या फळ्यावर लिहावी आणि आलेख काढावा. मोकळ्या जागेचा आलेख वाकतो, वाटेवरचा साधारण सरळ उतरतो. का, ते मुलांनाच विचारावे. एका गटाचा निकाल फाशांमुळे उलटा येऊ शकतो. म्हणूनच सर्व गटांची सरासरी घ्यावी. सरासरी कशासाठी घेतात, हेही मग वेगळे शिकवावे लागत नाही.

दुसऱ्या तासाला मुलांना विचारावे की या शिपायांना जगायला आणि लढायला काय काय लागेल. पाणी, धान्य, गोळ्या, औषध, रस्ता, निरोप्या. एवढी यादी झाली की प्रत्येक गटाने त्यातली एकच गोष्ट निवडून तिच्यासाठी नियम करावा आणि नव्या नियमाने पुन्हा खेळून पाहावे. एका गटाचा नियम दुसऱ्याने तपासावा: तो खेळता येतो का, त्याने कोणाचा अन्याय्य फायदा होतो का, आणि तो नसता तर काय चुकले असते?

मराठीत ‘गुण’ हा शब्द परीक्षेतल्या आकड्यालाही वापरतात आणि माणसाच्या चांगुलपणालाही. दोहोंत गल्लत होऊ देऊ नये, एवढे जरी या दोन तासांतून साधले तरी पुष्कळ झाले.

आमच्या शेजारच्या अंगणात दुसऱ्या दिवशी नियम बदलला. दर पाच शिपायांमागे एक पखालजी घ्यायचा आणि तो पडला तर त्या पाच जणांनी दर दुसऱ्या फेरीलाच फासे टाकायचे. खेळ लांबला, पण कोणी कंटाळले नाही. भाच्याने पखालजीला मागे दडवले. मुलीने तिच्या पखालजीभोवती चार शिपाई उभे केले. भांडण झाले ते एकाच गोष्टीवर: पखालजीची किंमत किती? भाचा म्हणाला, तो लढत नाही, त्याला २ गुण पुरे. मुलगी म्हणाली, पाच जणांचे लढणे त्याच्यावर अवलंबून आहे, त्याला शिपायाहून जास्त हवेत. त्यांचे एकमत झाले नाही, आणि खरे सांगायचे तर आमचेही झालेले नाही. आपल्या वर्गात काय ठरले ते जरूर कळवावे.